जरीपटक्यातली सिंधमधून आलेली कुटुंबं: दवाखान्यात कोणते कागद लागतात, आणि औषध समजावायचं कसं?

मंगळवारी_झोन_सेविका

नागपुरातल्या जरीपटका आणि खामला भागात पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली बरीच हिंदू कुटुंबं आहेत. बहुतेक जण एलटीव्हीवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. आमच्या महिला मंडळाला त्यांच्यासाठी आरोग्याच्या बैठका सुरू करायच्या आहेत. अडचण अशी की रेशनकार्ड नाही म्हणजे सरकारी दवाखाना आपला नाहीच, असं धरून लोक चालतात. दुखणं अंगावर काढतात, फारच झालं तर औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणतात. कशाला खरंच कागद लागतो आणि कशाला नाही, हे नेमकं हवं आहे.

दुसरं, पन्नाशीच्या पुढच्या बायकांना देवनागरी वाचता येत नाही. काहींना अरबी लिपीतली सिंधी येते, काहींना तीही नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं १-०-१ त्यांना कसं समजवायचं? मुलांच्या लसीकरणाचे कागदही बहुतेकांकडे नाहीत. तिकडून आलेल्या लोकांत काही आजार खास तपासायला हवेत का, तेही सांगा.

वॉर्ड_समाजसेवा

उपचार आणि योजना या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. लोक दोन्ही एकत्र करतात आणि योजना नाही म्हणून उपचारही सोडून देतात.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. पण संविधानाचं कलम २१ 'व्यक्ती'ला जगण्याचा हक्क देतं, फक्त नागरिकाला नाही. अरुणाचलातल्या चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, कागद नंतर, हे १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून ठरलेलं आहे.

ओपीडीच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता आणि मोबाइल नंबर एवढ्यावर केसपेपर निघतो. 'आधार द्या' म्हटलं तर 'आधार नाही, हा एलटीव्हीचा कागद' म्हणून झेरॉक्स पुढे करायची. आभा नंबर, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, ऐच्छिक आहे, त्यासाठी परत यायची गरज नाही. प्रत्येकाने एक प्लास्टिकची पिशवी करावी: पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, एलटीव्ही, राहण्याचा परवाना, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या. मूळ पासपोर्ट खिडकीवर सोडून येऊ नये.

नावाचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहायला सांगा. सिंधी आडनावं आपल्याकडे तीन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. केसपेपरवर एक, सोनोग्राफीवर दुसरं आणि बाळाच्या जन्मनोंदीत तिसरं लागलं, की पुढे नागरिकत्वाच्या अर्जात त्याच कागदाची अडचण होते. बाळाची नोंद २१ दिवसांत मोफत होते. आईवडिलांच्या नागरिकत्वावर ती अडत नाही.

पैशाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात सरकारी उपचार मोफत आहेत.

आधार नोंदवता येतं. बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहणं झालेलं हवं. एलटीव्हीधारकाच्या आधारची मुदत एलटीव्हीच्या मुदतीशी बांधलेली असते, म्हणून एलटीव्ही वाढवून घेतला की आधारही अद्ययावत करायचं. ते राहिलं तर नेमकं बँक खातं अडतं.

उत्तर_नागपूर_आरोग्य

वरच्या उत्तरातला मोफत उपचारांचा मुद्दा अर्धा आहे आणि त्यातूनच लोकांची फसगत होते. २०२३ चा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांना लागू आहे. नागपुरात डागा स्त्री रुग्णालय त्यात येतं. मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, तिथे शुल्क लागतं. केसपेपर किरकोळ पैशात होतो, पण सीटी, एमआरआय आणि हाडात घालायच्या प्लेटा यांचा खर्च अंगावर येतो. मनपाच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बाह्यरुग्ण तपासणी, गरोदरपणाची तपासणी, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या आणि लसी मिळतात. म्हणून साध्या दुखण्याला थेट मेडिकल गाठू नका. आधी केंद्र, मग तिथली संदर्भचिठ्ठी घेऊन पुढे.

बाळंतपणासाठी डागा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत. जेवण साध्या प्रसूतीला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस. गाडीसाठी १०२.

महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण तिथे रेशनकार्ड किंवा अधिवास दाखला मागतात आणि एलटीव्हीवाला तिथेच अडतो. मात्र 'आमचं कुटुंब एलटीव्हीवर आहे' एवढ्यावर थांबू नका. घरातल्या एकेकाची स्थिती विचारा. एकाच घरात सासरे नागरिक, सून एलटीव्हीवर असं हमखास असतं. २००४ च्या डिसेंबरनंतर इथे जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय नागरिक असेल आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर ते मूल जन्मानेच नागरिक असतं. त्याचं नाव वडिलांच्या रेशनकार्डात चढवता येतं आणि योजनाही लागू होते. अशा कितीतरी मुलांची नावं केवळ कोणी सांगितलं नाही म्हणून चढवलेली नसतात, याचं फार वाईट वाटतं. आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना सीएएखाली, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याखाली, अर्ज करता येतो, त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हाती आलं की पहिलं काम रेशनकार्ड. आजारपण येईपर्यंत थांबू नका. योजनेची चौकशी १५५३८८ वर.

योजना बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १,८०,००० आणि दुर्बलांना ३,६०,००० रुपये. इथे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कामी येतो, तो आधीच काढून ठेवा. भरती झाल्यावर धावपळ केली तर दाखला हाती येईपर्यंत बिल फुगतं. तातडीच्या रुग्णाला मात्र अनामत न मागता दाखल करून स्थिर करणं त्यांना बंधनकारक आहे. भरती होताच त्यांच्या समाजसेवा कक्षात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनवणीची नोंद कुठेच राहत नाही.

एक प्रवासाचं. २०१६ च्या सवलतींनुसार एलटीव्हीवाल्या या कुटुंबांना राज्यात कुठेही फिरता येतं. त्यामुळे सेवाग्राम किंवा मुंबईच्या टाटाला जायला अडचण नाही. वेल्लोर किंवा हैदराबादला जायचं असेल तर आधी पोलीस आयुक्तालयातल्या परकीय नागरिक नोंदणी कक्षाकडून परवानगी घ्या आणि अर्जाला डॉक्टरांची संदर्भचिठ्ठी जोडा.

औषधखिडकी

चिठ्ठी समजावण्याबद्दल लिहितो.

नेहमीची पद्धत म्हणजे पाकिटावर सूर्य, भर दुपार आणि चंद्र अशी तीन चित्रं आडवी काढायची. अरबी लिपी वाचणारी बाई ती उजवीकडून वाचते. सकाळची गोळी रात्री जाते आणि रात्रीची सकाळी. लघवी वाढवणारी बीपीची गोळी रात्री घेतली तर झोपमोड होते आणि अंधारात उठताना म्हातारं माणूस पडतं. झोप आणणारी गोळी सकाळी गेली तर दिवसभर गुंगी. म्हणून चित्रं उभी काढा: वर सकाळ, मध्ये दुपार, खाली रात्र. जिथे गोळी नाही तिथे शून्य लिहू नका, चित्रच काढू नका. जुन्या वळणाच्या उर्दू-सिंधी आकड्यांत शून्य म्हणजे ठिपका आणि पाच गोलसर असतो, त्यामुळे आपलं शून्य पाहून घोटाळा होतो. गोळी अर्धी असेल तर अर्धं वर्तुळ रंगवा आणि त्या पट्टीतली एक गोळी समोर तोडून दाखवा.

'समजलं का?' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी म्हणा, 'मावशी, घरी सुनेला कसं सांगाल ते मला सांगा बरं.' तिने चुकीचं सांगितलं तर आपलं समजावणं कमी पडलं असं धरून पुन्हा सांगा. एका वेळी तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगू नका.

वाचता न येणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप फार उपयोगी पडतो. एक औषध, एक निरोप, अर्ध्या मिनिटाच्या आत, सिंधीत. तो कोण बोलणार? जरीपटक्यात फाळणीच्या वेळी आलेल्या घरांत सिंधी बोलणाऱ्या आजी आहेत. त्यांच्यातल्या काही जणी अरबी लिपी वाचतातही. त्यांना बैठकीत घ्या. घरातल्या दहा वर्षांच्या पोराला दुभाषी करू नका. पाळी, पांढरं जाणं, नवऱ्याची मारहाण हे त्याच्या तोंडून कोणी सांगणार नाही.

पट्टी कापून देताना दुकानदार नावाचा भाग आपल्याकडे ठेवतो. नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्यायला शिकवा. तिकडे आणि इकडे औषधाच्या घटकाचं नाव एकच असतं, ब्रँड वेगळा. तिकडची पॅनाडॉल आणि इकडची क्रोसिन दोन्ही पॅरासिटामॉलच. तापात दोन्ही 'वेगळ्या' म्हणून घेतल्या आणि वर सर्दीची तिसरी गोळी घेतली, तर दिवसाची ४ ग्रॅमची हद्द सहज ओलांडते आणि यकृताला इजा होते.

इन्सुलिनवाल्यांची पिशवी मात्र स्वतः उघडून बघा. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलीचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. नारिंगी सिरिंजमध्ये ४० चं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात ८ युनिट. उलट, १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर जातात ५० युनिट, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढं एक शिकवलं तरी जीव वाचेल.

रक्तकेंद्र_तंत्रज्ञ

आजारांत सगळ्यात आधी थॅलेसेमिया. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक इतरांपेक्षा बरेच जास्त आहेत. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून कोणी तपासत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारं, असण्याची शक्यता २५ टक्के.

इथे विदर्भात एक चूक वारंवार होते. गरोदरपणात सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी करतात, ती निगेटिव्ह आली की 'रक्ताचा आजार नाही' असं घरी सांगितलं जातं. ती चाचणी फक्त सिकलचं हिमोग्लोबिन ओळखते, थॅलेसेमिया तिला दिसतच नाही. त्यासाठी आधी साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, बघा. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली किंवा एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी. त्यात एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर वाहक धरतात. सोबत लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खाली ओढला जातो, म्हणून सीमेवरचा रिपोर्ट लोह भरून काढून पुन्हा करावा.

वाहक बाईचं हिमोग्लोबिन ९-१० वरच राहतं आणि कितीही गोळ्या दिल्या तरी फारसं हलत नाही. गरोदरपणातल्या नेहमीच्या लोह-फॉलिकच्या गोळ्या तिनेही घ्यायच्या. पण फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, न बघता लोहाची सलाईनं लावत राहू नये.

बाई वाहक निघाली तर नवऱ्याची एचपीएलसी त्याच आठवड्यात. दोघंही वाहक असतील तर गर्भाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांत नाळेच्या पेशींवरून, नाहीतर १५ आठवड्यांनंतर गर्भजलातून होते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा. आपण घाई करू नये आणि सासूला निर्णय घेऊ देऊ नये. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भाच्या गंभीर दोषासाठी २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं, पण तोवर थांबण्यात बाईचेच हाल आहेत. उत्तम म्हणजे लग्न ठरवण्याआधीच तपासणी. सून इकडची असेल आणि सिकलची वाहक निघाली तरी निश्चिंत राहू नका. सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र आलं तरी मूल आजारी होतं.

मेजर मूल सोबत घेऊन आलेली कुटुंबंही असतात. थॅलेसेमियाच्या मुलाला शासकीय रक्तकेंद्रात रक्त मोफत मिळतं, बदली रक्तदाता मागू नये. दोन ते चार आठवड्यांनी रक्त आणि सोबत लोह काढणारी डेफेरासिरॉक्स. साधी विरघळणारी गोळी असेल तर पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात विरघळवून, रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास. तळाशी उरलेला गाळही पाणी घालून प्यायचा, नाहीतर डोस कमी पडतो. महिन्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), तीन महिन्यांनी फेरिटिन.

केंद्र_परिचारिका

लसींचं थोडक्यात. कार्ड नसेल तर लस झालीच नाही असं धरतो. डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, वण असेल तर तेवढी झाली. तिकडचं कार्ड असेल तर त्यावरचे डोस मोजले जातात, पहिल्यापासून सुरू करायचं नाही, उरलेले पूर्ण करायचे. वर्षाच्या आत पेंटा (पाच आजारांची एकत्र लस) सुरू झाली नसेल तर पुढे सात वर्षांपर्यंत डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात). गोवर-रुबेलाचे दोन डोस महिन्याच्या अंतराने, पाच वर्षांपर्यंत. पोलिओचे थेंबही पाचपर्यंत, आणि इथे टाळाटाळ अजिबात नको, कारण पाकिस्तानात पोलिओ अजून गेलेला नाही.

नुकतंच आलेल्या माणसाला पाच दिवसांच्या वर ताप असेल तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: 'सिंधहून आले आहेत.' तिथे २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकलाही न जुमानणारा टायफॉइड आहे. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, घ्यावं लागतं. त्या जंतूवर ॲझिथ्रोमायसिन बहुधा चालतं, पण ते डॉक्टर ठरवतील. दुकानातून दोन दिवसांचं अँटिबायोटिक घेतलेलं असलं की कल्चर वाया जातं.

सुया पुन्हा वापरल्यामुळे तिकडे हेपॅटायटिस सी खूप आहे. लारकाना जिल्ह्यातल्या रतोदेरोमध्ये २०१९ ला शेकडो मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं, त्यामागेही मुख्यतः हेच कारण होतं. म्हणून लहानमोठ्या सगळ्यांची हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासणी एकदा, गुप्तता सांभाळून. सी ची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही, आरएनए चाचणीत कळतं. असलाच तर बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या, शासकीय उपचार केंद्रात मोफत.

मंगळवारी_झोन_सेविका

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. एका घरात महिनाभर खोकला आहे, पण तपासायला तयार नाहीत. 'टीबी निघाला तर नाव सरकारकडे जाईल आणि व्हिसा जाईल' असं म्हणतात. काय सांगू?

उत्तर_नागपूर_आरोग्य

नाव जातं, हे खरं सांगा. लपवलं आणि नंतर कळलं तर विश्वास उडेल. टीबीची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे, खासगी डॉक्टरलाही. पण ती नि-क्षय या टीबीच्या सरकारी नोंदणी प्रणालीवर, आरोग्य खात्याकडे, औषध आणि पाठपुराव्यासाठी असते.

थुंकीचे दोन नमुने द्यायचे, त्यातला एक सकाळी उठल्यावरचा. लाळ नको, खोल खोकून काढलेला बेडका हवा. टीबी निघालाच तर गोळ्या वजनावर: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार, एकदम, रिकाम्या पोटी. दोन महिने चार औषधांची गोळी, मग चार महिने तीन औषधांची. लघवी नारिंगी होते, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर रक्त समजून घाबरतात आणि औषध सोडतात. बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर त्या या काळात भरवशाच्या राहत नाहीत, दुसरं साधन वापरायचं. पोषणाचे महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. एलटीव्हीवर खातं काढता येतं. खातं नसलं तरी गोळ्या थांबत नाहीत, हे दोनदा सांगा.

थंडीत नागपुरात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी लोकांसाठी, म्हणजे गोठणगावच्या नॉर्गेलिंग वसाहतीतल्यांसाठीही हेच. उपचार चालू असताना गाव बदललं तर नि-क्षयचा आयडी दाखवून इथल्या केंद्रात बदलून घ्यायचा. महिनाभराच्या गोळ्या सोबत बांधून आणल्या आणि त्या संपल्या, इथेच खंड पडतो.

औषधखिडकी

पहिल्या बैठकीला पत्रकं छापू नका. आठ-दहा बायका बोलवा आणि घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा. सतरंजीवर प्रत्येकीचा वेगळा ढीग करा. मुदत संपलेली बाजूला, एकाच घटकाची दोन ब्रँडं एकत्र, इन्सुलिन-सिरिंज जोडी तपासून. तासाभरात काय शिकवायला हवं ते ढिगातूनच कळेल. चालू गोळ्या कोणी स्वतःहून बंद करू नयेत, शंका असेल ती पट्टी घेऊन केंद्रात जायचं. आणि केसपेपरवर बाईचा स्वतःचा मोबाइल नंबर लिहायला लावा. नवऱ्याचा दिला तर रिपोर्टचा निरोप दुकानात बसलेल्या माणसाकडे जातो, तपासणीची तारीख टळते, आणि एचआयव्हीचा किंवा गरोदरपणाचा रिपोर्ट तिच्याआधी दुसऱ्याच्या हातात पडतो.